शून्य रुपयांचं बिल

माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. ऑफिसच्या खिडकीतून पावती द्यायला हात पुढे केला की समोरचा माणूस आधी हात बघतो, मग पावती. कुणी विचारलंच तर मी सांगते, पेज सांडली. ते खोटं नाही. पेजच होती, चुलीवरून नुकती उतरवलेली, आणि ती माझ्या भावजयीने वरून ओतली होती. तिला ती माझ्यावर ओतायची नव्हती, पण माझा हात मध्ये आला. माझे दोन भाऊ एका बिलासाठी एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि त्या बिलाची रक्कम होती शून्य.

शून्याचं बिल काय असतं ते आधी सांगते, कारण मुंबईबाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. मी पालिकेच्या कर खात्यात कारकून आहे, मुलुंडच्या बाजूला. छोट्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पण माफ असला तरी घराला नंबर मिळतो आणि नंबर मिळाला की बिल निघतं. वर नंबर, मध्ये पत्ता आणि खाली भरायची रक्कम शून्य. लोक ते बिल लॅमिनेट करून देवाच्या फोटोमागे ठेवतात. ज्यांना लाखांनी भरायचं असतं ते बिल मिळालंच नाही म्हणून कानावर हात ठेवतात, आणि ज्यांना दमडी भरायची नाही ते बिलासाठी माझ्या खिडकीवर धक्काबुक्की करतात. कारण उद्या कुणी येऊन विचारलं, तुम्ही इथे राहता याला पुरावा काय, तर दाखवायला हाच कागद.

सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा मला आनंद झाला होता. पूर्वी पेन होतं. पेनवाल्या माणसाला चहापाणी केलं की खोलीचा माळा व्हायचा आणि माळ्याची खोली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा कारभार. आता घराचा फोटो, जागेचा ठिपका, दारावर पाटी आणि पाटीवर स्कॅन करायचा तो काळापांढरा चौकोन. मोबाइल धरला की घराची माहिती समोर येते, आणि ती सगळ्यांना सारखीच दिसते. मी या कारभाराच्या बाजूची आहे. आजही आहे, एवढं होऊनसुद्धा.

अर्थात खिडकीवर बसणाऱ्याला त्याचे फटकेही खावे लागतात. एकदा सर्व्हर बसला आणि एका गृहस्थांनी हेल्मेट मारून माझ्या खिडकीची काच फोडली. तुकडे माझ्या मांडीवर. मी बाजूच्या दाराने बाहेर गेले आणि त्यांची कॉलर धरून त्यांना भिंतीला लावलं. मग सर्व्हर चालू होईपर्यंत ते तिथेच उभे होते, अगदी शहाण्यासारखे. साहेबांनी मला मेमो दिला. माझ्या माहेरी तो मेमो वाचून सगळ्यांना फार कौतुक वाटलं.

माझं माहेर घाटकोपरच्या डोंगरावर. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. वॉचमनच्या युनिफॉर्मला रुंद पट्टा असतो आणि तो पट्टा कमरेपेक्षा आमच्या पाठीवर जास्त चालला. आमच्या घरात मारणं ही बोलण्यासारखीच गोष्ट होती. बाबा आम्हाला मारायचे, दादा धाकट्याला मारायचा, धाकटा दगड घेऊन दादाच्या मागे धावायचा, आणि मी मधली असल्यामुळे दोघांनाही मारायचे. आई कुणालाच मारायची नाही. ती मध्ये पडायची. गल्लीत दोघांची जुंपली की ती हातातलं टाकून ओरडायची, "थांबा रे, मी येतंय." ती पोचली की दोघांचे फटके तिला लागायचे आणि मग भांडण थांबायचं. भांडण थांबवायची तिची हीच पद्धत होती आणि ती दर वेळी लागू पडायची. म्हणून तिने ती बदलली नाही.

घर म्हणजे एक खोली आणि वर पत्र्याखाली माळा. दादाचं लग्न झालं तेव्हा तो खाली, आम्ही वर. मग माझं लग्न झालं आणि धाकट्याचं ठरलं. त्या वर्षी गणपतीत बाबांनी वाटणी केली. आमच्या कोकणातल्या माणसांना वकील लागत नाही, गाऱ्हाणं पुरतं. गणपतीसमोर घरातला कर्ता हात जोडून देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. तो होकार एकदा भरला की भरला.

बाबांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली, "बा गणपती म्हाराजा, आज ह्या खोलयेत तुका साक्षी ठेवून सांगतंय. खालची खोली थोरल्या झिलाची, वरचो माळो धाकट्या झिलाचो. आवशीक दोन्हीकडे जागा. ह्या बोलण्याक जो कोण चुकात, तेका तूच काय तो बघून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. दादा म्हणाला, धाकटा म्हणाला, मीही म्हणाले. मुलीचं नाव गाऱ्हाण्यात पुढे आलं, तिला तिच्या घरी सुखी ठेव म्हणून. त्यालाही मी व्हय म्हाराजा म्हटलं, आणि नंतर मोरीत जाऊन तांब्या आपटला. त्या तांब्याला अजून पोचा आहे.

बाबा गेले. धाकट्याचं लग्न झालं. तो गोरेगावला शूटिंगचे सेट उभे करणाऱ्या सुतारांच्या टोळीत होता, लाकूड आणि खिळे त्याच्या हातातले. नव्या बायकोला रात्री-अपरात्री दादाच्या खोलीतून वर-खाली करायला लाज वाटायची म्हणून त्याने माळ्यावर चढायचं आतलं भोक प्लायवुडने बंद केलं, पुढच्या भिंतीला दार पाडलं आणि गल्लीतून वर जायला लोखंडी शिडी लावली. डोंगरावर निम्मी घरं अशीच आहेत. दादाने शिडीचे अर्धे पैसे दिले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तो जन्माचाच राक्षस वाटेल.

आई वर राहायला गेली. खालच्या खोलीत दादाच्या दोन मोठ्या मुली, अभ्यास, मोबाइल, भांडणं. वर उजेड होता आणि धाकट्याची बायको तिला रोज सकाळी पेज करून द्यायची. शिडी उतरायची आईची रीत ठरलेली. दारात यायचं, खाली एकदा बघायचं, मग गल्लीकडे पाठ करायची, दोन्ही हात चौकटीला आणि उजवा पाय मागे हवेत फिरवून पहिली पायरी शोधायची. ती पायरी ती कधी डोळ्यांनी बघायची नाही. मोतीबिंदूमुळे दिसतही नसे. पायाला माहीत होतं, तेवढं बस होतं.

मग डोंगरावर सर्व्हे आला. एका खासगी एजन्सीची माणसं टॅबलेट घेऊन गल्लीगल्लीतून फिरायला लागली. प्रत्येक दाराचा फोटो, दारात राहणाऱ्या माणसाचा फोटो, आणि महिन्याभरात दारावर पाटी. सगळ्या डोंगरात एकच चर्चा, पाटी. त्याच सुमाराला एका बिल्डरचा माणूसही पांढऱ्या शर्टात फिरत होता. त्याने दादाला बाजूला घेऊन समजावलं, की एका घराला एकच नंबर असला तर उद्या फ्लॅट मिळताना भानगड नाही. एका घरात दोन नंबर झाले की फाइल अडकली, दोघांचीही. आणि त्याने हेही सांगितलं, की स्वतंत्र दार आणि स्वतंत्र वाट असेल तरच माळ्याला वेगळा नंबर मिळतो.

दादाने धाकट्याला सांगितलं, तू नंबर मागू नको, फ्लॅट मिळाला की तुझं बघू. धाकट्याने विचारलं, बघू म्हणजे काय. दादा म्हणाला, बघू म्हणजे बघू. धाकट्याला आता नंबर म्हणजे जीव की प्राण झाला होता. पाटी लागली नाही तर तो कागदावर कुठेच राहत नव्हता. रेशन कार्ड दादाबरोबर, लाइट बिल दादाच्या नावावर. गणपतीसमोर मिळालेला माळा त्याच्याकडे होता, पण गणपती साक्ष द्यायला येत नाही.

पहिली मारामारी नळावर झाली. पाणी यायच्या वेळी दादाने धाकट्याचा हंडा लाथेने उडवला. धाकट्याने तोच हंडा उचलून दादाच्या तोंडावर हाणला. दादाचे पुढचे दोन दात हलले, ओठ फाटला. दादाने त्याला गटारात पाडून छातीवर बसून मारलं. आईने वरून हाक दिली, उतरली, मध्ये शिरली आणि तिच्या कानशिलावर एक बसली. कुणाची, ते तिने कधी सांगितलं नाही. कान आठवडाभर सुजलेला होता. मला फोनवर म्हणाली, शिडीला आपटला.

मी रविवारी गेले आणि दोघांनाही शिव्या घातल्या. दोघेही मला म्हणाले, तू तर त्याच खात्यात आहेस, तुझ्या हातात आहे. मी सांगितलं, माझ्या हातात काही नाही, पूर्वी असायचं, आता सगळं मशीन करतं. दोघांनाही ते खोटं वाटलं. बहीण सरकारी खात्यात आणि भावाचं काम होत नाही, हे आमच्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. धाकटा म्हणाला, तू दादाकडून आहेस. दादा म्हणाला, तू त्याच्याकडून आहेस. माझा हात शिवशिवला, पण मी आईकडे बघून उठले.

आमच्या गल्लीत सर्व्हे येणार त्या दिवशी आईने मला बोलावून घेतलं. मी रजा टाकली. डोंगराच्या पायऱ्या चढताना ग्राइंडरचा आवाज येत होता. तो आवाज तिथे रोजचा आहे, खाली फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. त्यामुळे माझं लक्ष गेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा दिसलं की ठिणग्या आमच्या घरासमोर उडताहेत.

धाकटा सर्व्हेवाल्यांना घेऊन यायला खाली रस्त्यावर गेला होता. तेवढी वेळ साधून दादाने दुकानातला एक माणूस आणला होता आणि तो शिडीवर उभा राहून तिचे वरचे नट कापत होता. दादा खालून शिडी धरून होता. त्याचा हिशेब सरळ होता. शिडी नाही तर वाट नाही, वाट नाही तर नंबर नाही. माळ्याच्या दारात धाकट्याची बायको उभी राहून किंचाळत होती आणि ग्राइंडरच्या आवाजात तिचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं.

मी पर्स टाकली आणि दादाची कॉलर धरली. त्याने मला कोपर मारलं. नाकातून रक्त आलं. मी परत धरली, या वेळी केस धरले. तेवढ्यात शेवटचा नट तुटला. दुकानातल्या माणसाने उडी मारली आणि शिडी गल्लीत आडवी झाली, समोरच्याचं पाण्याचं पिंप घेऊन. मी दादाला मागे ओढायला हात पुढे केला आणि वरून पेजेचं टोप उलटं झालं. भावजयीने नेम धरला होता दादाच्या डोक्यावर. पेज पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटते. माझ्या हातावर ती चिकटली आणि मी ती पुसायला गेले तर तिच्याबरोबर कातडी आली. दादाच्या मानेवर आणि खांद्यावर पडली. तो बैलासारखा ओरडला.

भावजय आत गेली, पोलिसांना फोन लावायला. तेवढ्यात धाकटा आला. त्याच्या मागे सर्व्हेच्या दोन मुली होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. त्याने आडवी शिडी बघितली, वरचं दार बघितलं. शिडीच्या कठड्याचा पाइप कापताना सुटा झाला होता, तो त्याने उचलला आणि दादाच्या उजव्या हातावर मारला. हात मध्येच वाकला, हाड मोडलं होतं. मग खांद्यावर, मग कानावर. लाकडात खिळा ठोकावा तसा तो मारत होता, न घाई करता. दादा खाली बसला. गल्ली नुसती बघत होती. आमच्या भांडणात कुणी पडत नाही, वर्षानुवर्षांचा अनुभव.

आणि मग दादाने डाव्या हाताने ग्राइंडर उचलला. तो चालूच होता. दुकानातला माणूस पळाला होता, वायर दादाच्या घरातल्या प्लगला होती. दादा गुडघ्यांवर उठला आणि ती फिरणारी चकती धाकट्याच्या पोटाच्या उंचीला धरून पुढे सरकला. धाकटा भिंतीला टेकला. पाइप त्याच्या हातात होता, पण मागे जायला जागा नव्हती.

मी प्लगकडे धावले. एवढंच सुचलं. उंबऱ्यावर अडखळले, मोठ्या वहिनीला ढकललं, मीटरबोर्डाजवळचा प्लग खेचून काढला. आवाज बंद झाला. आणि त्या शांततेत, माझी पाठ गल्लीकडे असताना, मला वरून आईची हाक ऐकू आली.

"थांबा रे. मी येतंय खाली."

दादाला ऐकू आली, धाकट्याला ऐकू आली. दोघांनी वर बघितलं, हे मला गल्लीतल्या लोकांनी नंतर सांगितलं. धाकटा ओरडला, आई, नको. पण पाठ करून ती उभी राहिली होती आणि पाय मागे टाकला होता. तिच्या पायाला माहीत होतं तिथे पायरी आहे.

मी बाहेर आले तेव्हा ती आडव्या शिडीवर पडली होती. डोकं एका पायरीच्या कडेवर. दादा एका बाजूला गुडघ्यांवर, धाकटा दुसऱ्या बाजूला, आणि ती दोघांच्या मध्ये. भांडण थांबलं होतं. रिक्षा डोंगरावर चढत नाही. धाकटा तिला पाठीवर घेऊन पायऱ्या उतरला, दादा मोडलेला हात तसाच लोंबत ठेवून मागून धावत होता आणि ओरडत होता, डोकं धर, तिचं डोकं धर. पालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा नातेवाईक मला कोपऱ्यात घेऊन सांगायला लागले, की पाय घसरला म्हणून सांग, घरचं घरात ठेव. मी सगळं सांगितलं. शिडी, ग्राइंडर, पाइप, पेज, सगळं, ज्याचं त्याच्या नावावर. दोघेही आत गेले आणि जामिनावर बाहेर आले. भावजयीचाही जबाब झाला. केस चालू आहे. तारखेला आम्ही तिघं एकाच बाकावर बसतो आणि बोलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्याकडे बघूनच केली असणार.

आणि नंबर मिळाला. हे ऐका. महिनाभराने दोन पाट्या आल्या, एक खालच्या दाराला, एक वरच्या. सर्व्हेतल्या एका मुलीने त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच टॅबलेटवर आमच्या घराची नोंद उघडली होती, समोरचं बघून ती घाबरली, पण फोटो काढल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नव्हती. जबाबात तिने सांगितलं, हात आपोआप गेला, सवयीने. तिने वरच्या दाराकडे टॅबलेट धरला. दारात माणूस होता. मशीनने चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढली, बरोबरची खूण केली आणि माळा मंजूर झाला.

वाटेचं तर त्या स्क्रीनवर काही नव्हतंच. शिडी आहे की नाही, हे विचारणारा रकानाच नव्हता. दार आहे का, एवढंच विचारायचे. बिल्डरच्या माणसाने अर्धवट ऐकलं, दादाने त्याच्यावर विश्वास ठेवून शिडी कापली. खात्यात मी बसते. मला एक फोन करून विचारलं असतं, की अगं, शिडी लागते का, तर मी चौकशी करून सांगितलं असतं की नाही लागत. पण आमच्यात विचारायची पद्धत नाही. आमच्यात आधी मारतात.

धाकटा त्या माळ्यात राहिला नाही. बायकोला घेऊन कांजूरमार्गला भाड्याने गेला. ज्या नंबरासाठी पाइप उचलला त्या दाराला त्याने कुलूप घातलं. बिल निघतं, दर वर्षी, शून्याचं. घ्यायला कुणी येत नाही.

माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तो नंबर टाकला की तो फोटो उघडतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तो टाकला नाही. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एकदा म्हणाली, काढू का. मी तिच्या कीबोर्डवर फाइल आपटली.

आईचं वर्ष झालं त्या दिवशी मी डोंगरावर गेले. दादाच्या मुलींनी बोलावलं होतं म्हणून, दादासाठी नाही. तो समोर आला तर काय करायचं ते ठरवून गेले होते. थोबाडीत मारायची, मुलींच्या देखत. वर्षभर तो हात मी राखून ठेवला होता. सकाळची वेळ होती. गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले.

शिडी परत लागली होती. जुनीच, जोड दिलेली, वेल्डिंगचे गोळे दिसत होते. आणि शिडीच्या वरच्या पायरीवर दादा उभा होता. त्याची उजवी मूठ आता मिटत नाही. डाव्या हाताचं कोपर पायरीत अडकवून, डाव्याच हातात मोबाइल धरून तो कुलूपबंद दाराच्या चौकटीवरच्या पाटीसमोर नेत होता. कोपर निसटत होतं, स्कॅन होत नव्हतं. झालं तेव्हा तो तसाच उभा राहिला, मोबाइलकडे बघत. बराच वेळ. समोरची बाई नळावर हंडा भरत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणजे हे रोजचं होतं.

तो उतरला तेव्हा मला बघितलं. पाठीमागे पाय टाकून पायरी शोधत उतरला, आईसारखा. खाली आल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी बघितला. आई दारात उभी आहे. पदर खोचलेला, केस सुटलेले, उजवा हात चौकटीकडे निघालेला. ती खाली बघते आहे, आम्ही जिथे उभे होतो तिथेच. तोंड उघडं आहे. हाक मारताना काढलेला फोटो आहे तो. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, वापर निवासी, देय रक्कम शून्य.

मला फार राग आला. त्याचा, धाकट्याचा, बाबांच्या गाऱ्हाण्याचा, आणि तिचाही, की तिला मध्ये पडण्याशिवाय दुसरं काही का सुचलं नाही. मी मोबाइल परत दिला. दादाचा कान, ज्यावर पाइप बसला होता, चुरगळलेला होता. मानेवर माझ्या हातासारखीच खूण होती, त्याच पेजेची.

त्याने विचारलं की सर्व्हे परत होतो का. मी म्हटलं, होतो, काही वर्षांनी. नवीन फोटो लागतो, तेव्हा दारात जो असेल त्याचा. कुणी नसेल तर नुसत्या कुलपाचा. जुना फोटो निघून जातो.

तो म्हणाला, कोण येतो बघू वर टॅबलेट घेऊन, तंगडी तोडून हातात देईन. सवयीने म्हणाला. मग त्याने स्वतःच्या न मिटणाऱ्या मुठीकडे बघितलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"तू खात्यात आहेस," तो म्हणाला. "मला माहीत नाही, म्हणून विचारतो. तो फोटो ठेवायला काय करावं लागतं?"

त्याने काही करायच्या आधी मला विचारायची ही आयुष्यातली पहिली वेळ. थोबाडीत द्यायला राखून ठेवलेला हात मी त्याच्या शेजारी शिडीवर टेकवला आणि बसले. काही करता येत नाही, हे त्याला कसं सांगायचं ते मला अजून ठरवता येत नव्हतं.